यार्डातला भाव आणि किराण्यातला भाव



पत्रिकेवर आजचा विषय ‘महागाई आणि विरोधी पक्षांची टीका’ असा छापला आहे. त्यावर बोलण्याआधी तुम्हालाच एक प्रश्न विचारतो. वऱ्हाडातल्या माणसाला महागाई झाली असं केव्हा वाटतं? मुंबई-पुण्यात उत्तर सोपं आहे. तेल चढलं, डाळ चढली, सिलिंडर चढला की महागाई झाली. उतरलं की गेली. इथे तसं नाही. तुरीची डाळ स्वस्त झाली की इथल्या एकाच घरात एकाला बरं वाटतं आणि दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. तूर याच घराने पिकवली आहे, आणि डाळही हेच घर दुकानातून आणतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे विरोधी पक्ष, मग तो आजचा असो की कालचा, महागाईवर बोलतो ते ग्राहकाच्या बाजूने आणि शेतमालावर बोलतो ते शेतकऱ्याच्या बाजूने. दिवस वेगळे, बॅनर वेगळे, भाषणं वेगळी. ही दोन भाषणं शेजारी ठेवली तर एकमेकांना कापतात. ती जुळवायची कशी, हा प्रश्न वऱ्हाडाने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

कारण जे पिकवायचं ते विकायचं आणि जे खायचं ते विकत आणायचं, ही जगण्याची रीत या मुलखावर आज आलेली नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि त्याच दशकात वऱ्हाडात रेल्वे आली. भाव चढले, वावरं पांढरी झाली. १८७० साली खामगावची रेल्वे सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला, इतकं या कापसाचं मोल होतं. तोवर युद्ध संपलं होतं आणि भाव खाली आले होते. पण कापसाने घेतलेली जमीन ज्वारीला परत मिळाली नाही. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. धान्य रेल्वेने येत होतं. ते घ्यायला लोकांच्या हातात पैसा नव्हता. ज्या मुलखाने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरवला, तो भाकरीला महाग झाला, आणि तो गोदामं रिकामी होती म्हणून नव्हे, तर भावाच्या गणितात हरला म्हणून.

या दोन दुष्काळांच्या मध्ये, डिसेंबर १८९७ मध्ये, काँग्रेसचं अधिवेशन आपल्या अमरावतीत भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. तिकडे पुण्या-मुंबईत प्लेग, इकडे नुकताच सरलेला दुष्काळ, आणि इथे मांडव घालून लोक देशाच्या दारिद्र्याबद्दल बोलत होते. याच शहरातले वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर पुढे १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. विरोधी पक्ष नावाची गोष्ट तेव्हा कायद्यात नव्हती. पण सरकारला त्याच्याच आकड्यांनी अडवायचं, ही परंपरा त्या पिढीने घातली. दादाभाई नौरोजींनी १८७६ सालीच हिशेब मांडला होता की हिंदी माणसाचं वर्षाचं उत्पन्न सरासरी वीस रुपये आहे. मग विचारलं, तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्या-कपड्यावर सरकार किती खर्च करतं? या प्रश्नाला उत्तर देणं सरकारला जड गेलं.

१९०२ साली गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. तिजोरीत शिल्लक होती आणि मुलूख दुष्काळातून उठत होता. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांचा मुद्दा असा की ही शिल्लक भरभराटीची खूण नाही. रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केल्याची खूण आहे. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. पुढच्या वर्षी तो दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. मीठ कोण खातं? सगळेच खातात, मजूरही खातो. मजुराच्या ताटातली एक वस्तू हातात धरून त्यांनी सबंध अर्थसंकल्प तपासला.

स्वातंत्र्यानंतर ही रीत लोकसभेत दिसली ती ऑगस्ट १९६३ मध्ये. नेहरू सरकारवरच्या पहिल्या अविश्वास प्रस्तावावर राममनोहर लोहिया उभे राहिले आणि म्हणाले, देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधानांनी पंधरा आणे सांगितले. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी साडेसात आण्यांचा आकडा पुढे केला. काही दिवस देशात ‘तीन आणे की पंधरा आणे’ हीच चर्चा होती. लोहियांचा आकडा तंतोतंत बरोबर होता का, यावर अर्थशास्त्रज्ञ भांडत राहिले. पण सरकारला माणशी मिळकतीचा हिशेब सभागृहात मांडावा लागला. टीकेचं काम झालं.

आता या मापाने पुढची टीका मोजून पाहू.

१९७२. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ. तेल, रॉकेल, साखर, धान्य काहीच धड मिळत नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एका मोर्चात. हातात लाटणी, थाळ्या. मंत्र्यांना घेराव. ते आंदोलन खरं होतं, आणि बायकांनी स्वतःच्या चुलीवरून उभं केलेलं होतं. आजही महागाईविरोधी मोर्चा म्हटला की डोळ्यासमोर लाटणंच येतं. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमी सुरू झाली आणि त्याच सुमारास कापूस एकाधिकार खरेदी. एका बाजूला स्वस्त धान्य मागणारी शहरातली बाई, दुसऱ्या बाजूला कापसाला भाव मागणारा आपला कास्तकार. दोघांनाही त्याच वर्षी सरकारकडे जावं लागलं, पण दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही.

ही गाठ किती अवघड आहे ते १९८० ने दाखवलं. त्या वर्षी जानेवारीत इंदिरा गांधी लोकसभा जिंकून परत आल्या. निवडणुकीआधी त्या विरोधात होत्या, आणि प्रचारात त्यांनी महाग झालेला कांदा सभासभांतून मिरवला. मार्चमध्ये चाकणला शरद जोशींच्या मागे शेतकरी रस्त्यावर बसले. कशासाठी? कांद्याचा भाव पडला म्हणून! तोच कांदा. मध्ये गेले दोन महिने. महाग कांदा निवडणुकीत सरकारला भोवला. तो स्वस्त झाला म्हणून शेतकऱ्यांनी रस्ता अडवला. शरद जोशींच्या सगळ्या मांडणीशी मी सहमत नाही. बाजार खुला केला की शेतकऱ्याचं भलं होईल, ही त्यांची खात्री वऱ्हाडाने पुरती पडताळली आहे आणि ती अर्धीच खरी निघाली. पण शहरातली स्वस्ताई कोणाच्या खिशातून येते, हा त्यांचा प्रश्न आजही कोणी निकालात काढलेला नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो तुम्हाला पाठ आहे. ५ जुलै २०१० ला इंधन दरवाढीविरुद्ध भारत बंद झाला तेव्हा भाजप विरोधात होता. १० सप्टेंबर २०१८ ला त्याच कारणासाठी भारत बंद झाला तेव्हा काँग्रेस विरोधात होती. २०१३ च्या अखेरीस किरकोळ महागाई अकरा टक्क्यांवर गेली होती आणि २०१४ ची निवडणूक त्या मुद्द्यावरही लढली गेली. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत घरगुती सिलिंडर अकराशेच्या वर होता, आणि बोलायची पाळी दुसऱ्यांची होती. खुर्च्या बदलल्या तशी भाषणंही इकडून तिकडे गेली. यात कोणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. सिलिंडर खरोखरच महाग झाला होता, दोन्ही वेळा. माझी तक्रार अशी आहे की टीका भावाच्या आकड्यापाशी थांबली. त्या भावाच्या मागे काय आहे, तिथवर ती गेली नाही.

मागे काय असतं, ते आपल्या सोयाबीनवर पाहू. इथे जरा थांबायला हवं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या यार्डात जा. ढिगात खरेदीदाराचा हात जातो. मूठभर दाणे तळहातावर चोळून तो ओलाव्याच्या मशिनात टाकतो. मशीन आकडा दाखवतं. बाराच्या वर गेला की भाव उतरतो. पोतं परत नेण्याचं भाडं कास्तकाराला परवडत नाही, हे दोघांनाही माहीत असतं. मग पट्टी हातात येते: वजन, दर, हमाली, तोलाई, आणि शेवटी राहिलेली रक्कम. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि यार्डात दर चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदीला बारा टक्के ओलाव्याची अट होती. ती पंधरा टक्के केली नोव्हेंबरात, तोवर गरजवंतांचा माल विकून झाला होता. क्विंटलमागे आठशे रुपये तुटले असं धरा. दहा क्विंटलला आठ हजार. एवढ्यात घरच्या वर्षभराच्या सिलिंडरचे पैसे निघतात. सिलिंडर पन्नास रुपयांनी वाढला की निवेदन जातं, मोर्चा निघतो. हे आठ हजार मात्र कोणाच्या महागाईच्या भाषणात येत नाहीत!

आता तोच माणूस पट्टी खिशात घालून यार्डाबाहेरच्या किराणा दुकानात जातो आणि सोयाबीन तेलाचं पाऊच मागतो. चाळीस रुपये किलोने सोयाबीन विकून सव्वाशे-दीडशे रुपयांचं तेल. “इकतानी मातीमोल, घेतानी सोनं,” असं यार्डात कोणीही तुम्हाला ऐकवेल. पण नुसतं एवढं म्हणून सुटत नाही. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण अठरा किलो; बाकी ऐंशी किलोच्या आसपास पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव पुष्कळसा पेंडीवर ठरतो. पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते, परदेशी जाते. अलीकडच्या वर्षांत मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. त्यातून उरणारा चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, स्वस्तात पशुखाद्यात शिरला आणि पेंडीचा उठाव पडला. २०२५ मध्ये वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर देशभर गदारोळ झाला. विरोधकांनी काय विचारलं? गाडीचं ॲव्हरेज पडतं का, इंजिन खराब होतं का. चांगले प्रश्न. पण या पेट्रोलमुळे वऱ्हाडातल्या सोयाबीनचा भाव किती पडला, हा प्रश्न मला कोणत्याही मोठ्या व्यासपीठावरून ऐकू आला नाही.

आणि आयात शुल्क! १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून वीस टक्के झालं. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. तेल लगेच चढलं. सोयाबीन चढलं का? नाही. शहरातला विरोधक म्हणाला तेल महाग केलं, गावातला विरोधक म्हणाला सोयाबीनला भाव नाही. दोन्ही खरं. पण ग्राहकाने जास्त दिलेला पैसा जर पिकवणाऱ्यापर्यंत पोचला नाही तर तो अडकला कुठे, हे विचारायला दोघांना एकत्र यावं लागलं असतं. त्या निवडणुकीत एका बाजूने सोयाबीनला सहा हजारांचं आश्वासन दिलं, दुसऱ्या बाजूने सात हजारांचं. पुढच्या हंगामाचा हमीभाव जाहीर झाला ५,३२८. आणि ३० मे २०२५ ला, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचं तेच शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणलं. बियाणं घरात येऊन पडलं होतं तेव्हा!

कापसाचंही तसंच झालं. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर लावला होता, कापड उद्योग अडचणीत होता, हे मला मान्य आहे. तिरुपूरच्या कामगाराची नोकरी टिकली पाहिजे. पण ती टिकवण्याचा भार अकोटच्या कास्तकाराने उचलायचा, तर त्याचा मोबदला कोण देणार?

आता ऑक्टोबर २०२५ चा आकडा घ्या. देशाचा किरकोळ महागाई दर ०.२५ टक्के. त्या मालिकेतला सगळ्यात कमी. खाद्यपदार्थांचे भाव तर वर्षभरापूर्वीपेक्षा पाच टक्के खाली, डाळी त्याहून कितीतरी खाली. सरकारला अभिमान वाटला, तो वाटणारच. विरोधक गोंधळले, महागाईवर बोलायची सवय, आणि महागाई तर दिसत नाही. पण अमरावतीत उभं राहून हा आकडा वाचला तर त्याचा अर्थ काय लागतो? देशाच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास सेहेचाळीस टक्के होता. तो निर्देशांक खाली आला, कारण तूर पडली, उडीद पडला, भाजी पडली. म्हणजे दिल्लीच्या कागदावर ज्याला महागाई आटोक्यात येणं म्हणतात, तेच आपल्या यार्डात भाव कोसळणं असतं. आणि त्याच महिन्यात दवाखान्याचं बिल पडलं होतं का? मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी? वेचणीची मजुरी? सोनं तर त्या वर्षी तोळ्याला लाखाच्या वर गेलं, आणि लग्न घरात असलं की आपल्याकडे सोनं टळत नाही. मिळकत पडली आणि खर्च तिथेच राहिला. अशा घरासाठी महागाई वाढलीच. हे मांडायला त्या वेळी विरोधी पक्षाकडे भाषा नव्हती, आणि याचं मला खरोखर दुःख आहे.

आमच्याच अकोल्यात एकदा ही भाषा सापडत आली होती. ४ डिसेंबर २०१७. गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला होता, मूग-उडदाची सरकारी खरेदी रखडली होती. शेतकरी जागर मंचाच्या आंदोलनात यशवंत सिन्हा जिल्हाधिकारी कचेरीकडे निघाले. पोलिसांनी ताब्यात घेतलं, मग सोडलं, तर ते जायला तयार होईनात. पोलीस मुख्यालयाच्या मैदानावरच मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी सरकारने मागण्या मान्य केल्याचं कळवल्यावर ते उठले. लक्षात घ्या, हे गृहस्थ देशाचे माजी अर्थमंत्री, आणि तेव्हा सत्ताधारी पक्षातच होते. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी सरकारच्या अर्थकारणावर जाहीर टीका केली होती. अर्थसंकल्प स्वतः मांडलेला माणूस बोंडअळीच्या पंचनाम्यासाठी मैदानात झोपतो, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा आणि बोंडातली अळी एका वाक्यात येतात. ते तीन दिवस मला महत्त्वाचे वाटतात. ते पुढे वाढले नाहीत, कारण त्यानंतर ती टीका पुन्हा दिल्लीच्या चर्चांमध्ये गेली.

२०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले, जुलैत पंजाबराव देशमुखांच्या पापळहून पदयात्रा निघाली, ऑक्टोबरअखेरीस नागपूरचा रस्ता ट्रॅक्टरांनी भरला. कर्जमाफीच्या निर्णयाला सरकारला ३० जून २०२६ ही तारीख द्यावी लागली. दबावाचं सामर्थ्य हे असं असतं आणि मी त्याचा मान राखतो. तरी विचारतो: २००८ ला माफी झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. त्याआधी २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग इथे येऊन गेले आणि अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं. सातबारा दर वेळी पुन्हा का भरतो? आठशे रुपयांची ती तूट दर हंगामाला कर्जात जमा होते म्हणून. तूट तशीच ठेवून कर्ज पुसलं तर पाच-सात वर्षांनी पुन्हा मोझरी, पुन्हा नागपूर.

आणखी एक लहान गोष्ट, जी कोणाच्या भाषणात येत नाही म्हणून मी आवर्जून सांगतो. आपल्या अमरावती विभागासह चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना दोन-तीन रुपये किलोने धान्य मिळत असे. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये खात्यात येऊ लागले, नंतर ते एकशे सत्तर झाले. धान्य मिळत होतं तेव्हा बाजारात गहू चढला तरी ताटातला गहू तेवढाच राहत होता. आता गहू चढला की ताटातला कमी होतो. सबंध वऱ्हाडातल्या लाखो घरांवरून महागाईचं छप्पर काढून घेतलं गेलं, आणि विधिमंडळात त्यावर धड चर्चा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मिठाच्या करावरचं गोखल्यांचं भाषण आठवून पाहा. एवढीच लहान वस्तू होती ती.

मग विरोधी पक्षाने काय करावं? माझी मागणी साधी आहे, आणि ती आज विरोधात असलेल्यांकडे आहे, उद्या जे विरोधात जातील त्यांच्याकडेही आहे. दर अधिवेशनाला पाच एकर कोरडवाहू कुटुंबाचा हिशेब सभागृहाच्या पटलावर ठेवा. सोयाबीन, तूर, कापूस काय भावाने विकला. तेल, डाळ, गॅस, फी, औषध काय भावाने घेतलं. मजुरी किती दिली. दोन्ही रकाने एकाच कागदावर. हमीभाव ठरवताना घरच्यांची मेहनत धरतात, पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज सोडतात, ते याच कागदावर उघड लिहा. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीला विद्यापीठ आहे, अर्थशास्त्र शिकवणारी कॉलेजं तालुक्यातालुक्यात आहेत. माणसं आहेत. त्यांना कामाला लावा.

आणि येत्या अधिवेशनात एक ठोस गोष्ट मागा. तेल, डाळी आणि कापसावरचं आयात शुल्क ३० एप्रिलच्या आत जाहीर करायचं आणि पुढच्या मार्चपर्यंत बदलायचं नाही. अडचण आली आणि बदलावंच लागलं, तर त्या पिकाचा बाजारभाव हमीभावाच्या खाली जितका जाईल तितका फरक शेतकऱ्याच्या खात्यात त्याच हंगामात भरायचा, आणि हा खर्च अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दाखवायचा. म्हणजे शहराच्या स्वस्ताईची किंमत किती आणि ती कोण देतं, हे देशाला वर्षातून एकदा छापील वाचायला मिळेल. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ इथल्या आमदार-खासदारांनी, पक्ष कोणताही असो, या एका कलमावर सह्या कराव्यात. कोणी केल्या आणि कोणी नाही केल्या, ते पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून वाचून दाखवा, असं मी संयोजकांना जाहीरपणे सुचवतो.